वच्छलाचे डोळे आणि विजेचा दर

वडघाट,
ता. १८ मार्च १९५७

श्री. रा. रा. लटारूभाऊ यांस वडघाटाहून केवळराम कोलूजी शेंडे याचा दोन्ही हात जोडून रामराम.

आलापल्लीला तुमचं, कमळावहिनींचं आणि डेपोतल्या सगळ्या सागवानाचं बरं असेल असं धरून चालतो. धरून चालायचं कारण असं, की इकडे बरं नाही, आणि दोन्हीकडे एकाच वेळी बरं नसलं तर पत्र कोणी कोणाला लिहायचं? तुमची कंबर कशी आहे? लठ्ठ्यांवर चढून हातोड्याचा छाप मारायचं काम आता तरण्या नाकेदारांना करू द्या. मोठ्या माणसाला शिकवायचा माझा अधिकार नाही, पण वच्छलाचे थोरले भाऊ म्हणून तुमच्या कंबरेची काळजी आम्हांलाही वाटते. (पत्र शुद्ध भाषेत लिहितो आहे. सातवीच्या मास्तरांनी शिकवलं होतं की बोलावं कसंही, पत्र मात्र नीट लिहावं. मध्येच मले-तुले आलं तर समजून घ्या.)

वच्छलाची आणि मैनाची खुशाली विचारत नाही. विचारली तर वच्छला म्हणेल, आता इचारून राह्यले! आणि ते बरोबरच आहे. त्या दोघी तुमच्या ट्रकात बसून गेल्या त्याला आज बावीस दिवस झाले. तिनं आपली बाजू तुम्हांला सांगितली असेल, आणि ऐकून तुम्ही मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल तेही मला इथं बसून ऐकू येतं. माझं म्हणणं एवढंच, की दुसऱ्या बाजूचं ऐकून घेतल्याशिवाय निकाल देता येत नाही. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. नागपूरच्या हायकोर्टानं तसं लिहून दिलं आहे, आणि ते माझ्याच नावाच्या निकालात लिहून दिलं आहे. म्हणून हे पत्र. लांब होईल. कमळावहिनींना भात उतरवून मग बसायला सांगा.

मूळ दोष विजेचा नाही, आमच्या पोरीच्या, मैनाच्या लग्नाचा आहे. वडघाटात वीज कंपनी आली, नदीकाठी टिनाच्या छपरात तेलावरचं इंजिन बसलं आणि धडधड करायला लागलं, तेव्हा आमच्या धीवर मोहल्ल्यात कोणीही तार घेणार नव्हतं. आम्हांला उजेड कशाला? मासे अंधारातही तेवढेच येतात. पण त्याच साली चामोर्शीच्या वारलू मानकरांनी मैनाबद्दल विचारणा केली. माणूस चांगला. तळ्याच्या सोसायटीत मेंबर, मुलगा पाण्यावर डोंगा चालवण्यात हुशार आणि दारू न पिणारा (आमच्यात असा मुलगा दिसला की लोक दुरून बघायला येतात). ते बघायला येणार म्हणून वच्छला म्हणाली, "घरात लाइट असन तं पाव्हण्यायले बरं वाटन." मी तार घेतली. एक बल्ब. वारलूजी आले, बल्बाखाली बसले, वर बघून तीनदा डोळे मिचकावले आणि मैना पसंत म्हणाले. लग्न दोन वर्षांनी करू असं ठरलं. तोवर पोरगा स्वतःचा डोंगा करणार होता. इथवर विजेनं माझं काहीही वाईट केलं नाही, हे मी कबूल करतो.

मग कंपनीनं दर वाढवला. नुसता वाढवला असता तर आम्ही कमी जाळलं असतं. पण त्यांनी मिनिमम नावाची वस्तू आणली. मिनिमम म्हणजे तुम्ही दिवा लावा की न लावा, घरात राहा की मरा, महिन्याला इतकं द्यायचंच. आता भाऊ, तुम्हांला ठाऊक आहे की पौष सरला की आम्ही सगळे धीवर वैनगंगेच्या रेतीत टरबुजाची वाडी लावतो आणि चार महिने तिथंच झोपडी करून राहतो. घराला कुलूप. बल्ब आतल्या आत अंधारात लटकतो. आणि जेठात परत येऊन कुलूप काढावं तो दाराच्या फटीतून आत टाकलेल्या चार महिन्यांच्या पावत्या. न जाळलेल्या दिव्याच्या. मी कंपनीच्या मॅनेजरला जाऊन विचारलं. तो म्हणाला, दर सरकारी समिती ठरवून देणार आहे, तिच्यासमोर काय ते सांगा. मला ते पटलं. मला लवकर पटतं, हा माझा जुना रोग आहे.

दर समिती आली पंचावन्नच्या दिवाळीनंतर. तीन साहेब, एक जीप, उतरले डाक बंगल्यात. गावात तेव्हा वीज ग्राहक संघ निघाला होता आणि धान गिरणीचे मालक दादाजी त्याचे अध्यक्ष होते. संघाची मोठी माणसं त्या दिवशी समितीपुढे जाणार होती. पण त्याच दिवशी दादाजींच्या साळ्याकडे राजुऱ्याला लग्न निघालं आणि सगळा संघ वरातीत गेला. मला वरातीचं बोलावणं नव्हतं. म्हणून मी एकटाच सकाळी अर्ज लिहून, धुतलेला सदरा घालून डाक बंगल्यावर गेलो. चपराशी म्हणाला, "तुहं नाव यादीत नाई." मी म्हटलं, मी दर महिन्याच्या पावतीत आहे, तर यादीत कसा नाही? तो म्हणाला, बस तिथं. मी बसलो. आतमध्ये मॅनेजर आणि कंपनीचे वकील समितीशी बोलत होते, हसत होते, चहा जात होता. दुपारी चपराशी बाहेर आला आणि मला म्हणाला, "तू धीवर हायस ना गा? पाण्याचा घडा भरून आन." आपल्या हातचं पाणी सगळ्यांना चालतं, हा आपल्या जातीला मिळालेला मोठा मान आहे. मी विहिरीवरून घडा भरला आणि आत नेला. मधल्या साहेबानं वर न बघता सांगितलं, उधर रखो. मी ठेवला. अर्ज माझ्या खिशातच होता. काढावा का, असं मनात आलं, पण दोन्ही हात ओले होते. मी बाहेर आलो. संध्याकाळी जीप निघून गेली. महिन्याभरात सरकारी हुकूम आला: नवा दर मंजूर, मिनिमम मंजूर, कोणाचीही हरकत आली नाही.

संघ वरातीतून परत आला आणि भयंकर चिडला. गावचे वकील गुणवंतराव, जे नागपूरला हायकोर्टात काळा कोट घालतात, ते म्हणाले की हा हुकूम पाडता येतो. ज्यांच्याकडून पैसा घ्यायचा त्यांना न ऐकता दर ठरवला. पण त्यासाठी असा माणूस पाहिजे जो शपथेवर सांगेल की मी ऐकवायला गेलो होतो आणि मला ऐकलं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सगळे राजुऱ्याला जिलबी खात होते. तेव्हा चपराशानंच सांगितलं की तो केवळराम दिवसभर बसला होता. दुसऱ्या दिवशी दादाजींनी मला गिरणीवर बोलावून खुर्ची दिली. भाऊ, मी त्या गिरणीत वीस वर्षं मासे पोचवले आहेत, खुर्ची पहिल्यांदा बघितली. तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

अशा रीतीनं मी अर्जदार क्रमांक एक झालो. केवळराम वल्द कोलू शेंडे विरुद्ध सरकार आणि वीज कंपनी. दोन, तीन, चार नंबरला कोणी नव्हतं, तरी एक नंबर लिहिला होता. गुणवंतरावांनी अ‍ॅफिडेव्हिट तयार केलं (म्हणजे देवाची शपथ मी घ्यायची आणि लिहायचं वकिलानं). मी त्यांना टरबुजाच्या वाडीचं, कुलपाचं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "केवळराम, हे फार कोरडं आहे. जजसाहेबाला टरबुजाचं काय? जरा काळजाला भिडेल असं पाहिजे." मग त्यांनी इंग्रजीत लिहिलं, मला मराठीत थोडं वाचून दाखवलं, आणि मी सही केली. न वाचलेल्या भागात असं होतं की अर्जदाराची पत्नी वच्छला हिची नजर जवळजवळ गेली आहे, अंधुक उजेडात ती चाचपडते, आणि तिच्यासाठी पोट मारून या गरीब धीवरानं वीज घेतली आहे.

हे मला कळलं तेव्हा ते सगळ्या जिल्ह्याला कळलं होतं. नागपूरच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं: आंधळ्या पत्नीच्या दिव्यासाठी धीवराची हायकोर्टात धाव. वच्छला त्या दिवशी बाजारात मुरमुरे-फुटाणे विकत होती. बाया तिच्याजवळ येऊन हळूच तोंडापुढे हात हलवायला लागल्या. एका गिऱ्हाइकानं खोटा पैसा दिला. तिनं तो दोन हात लांबूनच ओळखून, घेऊन त्याच्या अंगावर फेकला, तर लोक म्हणाले, बिचारी हातानं चाचपून ओळखते. कोणी म्हणालं, देवीला नारळ कबूल कर. कोणी हात धरून तिला रस्ता ओलांडून दिला. तिला रस्ता ओलांडायचा नव्हता. घरी आली ती सरळ माझ्यासमोर. "कोन म्हंते मी आंधळी?" मी म्हटलं, मी म्हणतो, पण इंग्रजीत. हे बोलायला नको होतं. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी बोलली तेव्हा ते चार दिवस बरे होते असं वाटलं.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. पण वर्तमानपत्र चामोर्शीलाही जातं. पंधरा दिवसांत वारलूजींचा निरोप आला. माणूस सभ्य, त्यानं वाईट शब्द वापरला नाही. एवढंच विचारलं, की विहीणबाईंचे डोळे जन्मापासून असे की मधून गेले, आणि त्यांच्या आईचे कसे होते? म्हणजे तुमच्या आईचेही डोळे त्यात आले, भाऊ. ज्या बाईनं सत्तराव्या वर्षी तांदळातले खडे वेचले तिचे! मी उलट निरोप पाठवला की डोळे उत्तम आहेत. वारलूजींनी विचारलं, मग कोर्टात शपथेवर लिहिलं ते खोटं का? आता याला काय उत्तर द्यायचं? डोळे वाईट म्हणावं तर पोरगी घरात राहते. डोळे चांगले म्हणावं तर बाप खोटी शपथ घेणारा. मैनानं विचारलं, "बाबा, मंग आता?" मी म्हटलं, कोर्टाच्या तारखेपर्यंत थांब. ती जाळ्याची फाटलेली दोरी घेऊन बसली आणि जिथं फाटलं नव्हतं तिथंही गाठी मारत राहिली.

इकडे कंपनीनं कोर्टात उत्तर दिलं. त्यात दोन मुद्दे होते. एक, अर्जदार समितीच्या खोलीत प्रत्यक्ष हजर होता, साहेबांच्या समोर उभा होता आणि त्यानं कसलीही हरकत घेतली नाही. (म्हणजे तो घडा!) दोन, अर्जदाराची पत्नी बाजारात दुकान मांडते, तिची नजर घारीसारखी आहे आणि कंपनीच्या कारकुनानं दिलेली फाटकी नोट तिनं परत केली आहे. गुणवंतराव हादरले. ते म्हणाले, चांद्याच्या डोळ्याच्या डॉक्टरचा दाखला आणा, नजर अधू आहे एवढं लिहून आणा, बाकी मी बघतो. मी वच्छलाला चांद्याला नेलं. कशाला नेतो ते सांगितलं नव्हतं; महाकालीच्या दर्शनाला म्हणालो. दवाखान्यात शिरल्यावर तिला कळलं. मी हळूच म्हटलं, एक-दोन बोटं चुकव, मैनाचं मग बघू. ती म्हणाली, "पाच बोटं हायत तं मी पाचच सांगीन. तुमाले चार पायजे असन तं एक कापून टाका." डॉक्टरनं बोटं दाखवली, तिनं मोजली. लांब भिंतीवरची चित्रं दाखवली, तिनं ओळखली. वर तिनं डॉक्टरलाच सांगितलं की खिडकीबाहेरच्या चिंचेवर अकरा कावळे आहेत आणि एकाचा पाय अधू आहे. डॉक्टर बाहेर जाऊन बघून आले. दाखला त्यांनी लिहून दिला: नजर उत्तम. त्याची मी परतीच्या मोटारीत चार वेळा घडी केली. महाकालीचं दर्शन राहिलंच.

तारीख निघाली छप्पन्नच्या पावसाळ्यात. मी नागपूरला गेलो. दादाजी, गुणवंतराव आणि संघाचे दोघे माझ्यासोबत होते. गुणवंतरावांनी वाटेत सांगितलं की आपण म्हणू, नजर कधी असते, कधी नसते. अशा रोगाला इंग्रजीत मोठं नाव आहे. तुम्ही फक्त मागं गप्प बसा. कोर्ट मोठं, उंच छताचं. दोन जजसाहेब. बोलणं सगळं इंग्रजीत. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि त्या बोलण्यात मला फक्त तीन शब्द कळत होते: केवळराम, मिनिमम आणि वच्छला. वच्छला हे नाव त्या काळ्या कोटाच्या तोंडून पुन्हा पुन्हा यायला लागलं. हसणंही ऐकू यायला लागलं. माझ्या बायकोचं नाव घेऊन परकी माणसं हसत होती आणि मी त्यांना सही करून परवाना दिला होता. भाऊ, मी उभा कधी राहिलो ते मला ठाऊक नाही. मी जोरानं म्हटलं, "सायेब, माह्या बायकोचे डोरे चांगले हायत!"

सगळं कोर्ट मागं वळलं. गुणवंतरावांचा चेहरा पिकल्या टेंभरासारखा पिवळा झाला. एक शिपाई माझ्याकडे धावला, पण मोठ्या जजसाहेबांनी हात वर केला. त्यांना मराठी येत होतं.

"मग हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं दुसऱ्यानं, पन सही माही हाय. माह्यावर काय करायचं ते करा. पन तिच्या डोऱ्याचं खोडून टाका."

"आजच का सांगता?"

"पोरीचं लगन मोडून राह्यलं, सायेब."

पुन्हा हसले लोक. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "त्या दिवशी समितीसमोर तुम्हांला काय सांगायचं होतं?"

भाऊ, ऐका. कंपनी आली तेव्हापासून, डाक बंगल्यात, संघात, वकिलाकडे, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, की आम्ही चार महिने रेतीत राहतो, घराला कुलूप असते, दिवा बंद असते, मग त्या दिव्याचे पैसे कशाचे? एवढंच होतं. दीड मिनिटात संपलं. जजसाहेबांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, बसा. मी बसलो. मला वाटलं, आता मला बेड्या घातल्या तरी चालतील. (दादाजी तेव्हाच उठून बाहेर गेले. त्यांना वाटलं, दावा बुडाला.)

दावा बुडाला नाही. महिन्यानं निकाल आला. पाण्याचा घडा ठेवायला आत जाणं म्हणजे म्हणणं मांडणं नव्हे, असं त्यात लिहिलं. ज्याला दर भरायचा त्याला विचारल्याशिवाय तो ठरवता येत नाही, मग तो शहाणं बोलो की वेडं. हुकूम रद्द. समितीनं पुन्हा बसावं, ऐकावं, मग ठरवावं. बायकोच्या डोळ्यांचा या प्रश्नाशी काही संबंध नाही, पण खोटं विधान केल्याबद्दल अर्जदाराला समज, आणि खर्च ज्याचा त्यानं सोसावा. या शेवटच्या ओळीवरून संघ माझ्यावर पेटला. सगळ्यांना वाटलं, मी तोंड उघडलं नसतं तर कंपनीकडून खर्चही वसूल झाला असता. गावात मिरवणूक निघाली ती गुणवंतरावांची. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघितली. हारसुद्धा माझ्याच मोहल्ल्यातल्या बायांनी केला होता.

तुम्ही म्हणाल, जिंकला ना शेवटी? हो, जिंकलो. मग नोव्हेंबरात आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. जुनं सरकार नागपुरातून उठलं, कागद गाड्यांत भरून कुठं कुठं गेले, आणि नवी समिती नव्या साहेबांची झाली. ती जानेवारीत आली. या वेळी माझं नाव यादीत पहिलं होतं. चपराशानं उठून दार उघडलं. साहेब फार गोड बोलले, बसा म्हणाले, मी सगळं सांगितलं: रेती, कुलूप, दिवा. साहेब प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. विडी ओढून व्हावी एवढ्या वेळात ऐकून झालं. त्यांनी कागदावर खूण केली, धन्यवाद दिले आणि पुढचं नाव पुकारलं. पंधरा दिवसांत हुकूम आला. मिनिमम पूर्ण रद्द! मी ते वाचून चौकातच बसलो. मग खालची ओळ वाचली. मिनिममच्या जागी दोन नवीन आकार होते, एक मीटरचं भाडं आणि एक तारेच्या देखभालीचा. दोन्ही मिळून मिनिममपेक्षा थोडे जास्तच. दिवा लावा की न लावा. आणि वरती लिहिलेलं: ग्राहकांचं म्हणणं ऐकून घेतलं आहे.

आता याच्यावर कोर्टात काय म्हणणार? ऐकलं तर होतं.

दादाजींनी अध्यक्षपद सोडलं. कंपनीनं गिरणीसाठी त्यांना वेगळा, कमी दराचा करार करून दिला आहे. ते म्हणतात, गरिबांनी लढा चालू ठेवावा, माझा आशीर्वाद आहे. कंपनीनं माझी तार कापून नेली, कारण दाव्याच्या दिवसांतलं मिनिमम मी भरलं नव्हतं. रद्द झालेल्या हुकमाचं मिनिमम! भिंतीला तारेची भोकं आहेत आणि त्यात मुंग्या राहतात. आणि वारलूजींनी दिवाळीलाच कळवलं होतं की मुलगा डोंगा बांधतो आहे, घाई नाही. याचा अर्थ मला कळतो. मैनालाही कळला.

एवढं होऊन मागच्या महिन्यात गुणवंतराव वाडीवरच्या आमच्या झोपडीत आले. पिशवीत नवा कागद. म्हणाले, "केवळराम, मीटरभाड्यावर फार चांगला मुद्दा आहे. या वेळी सगळं खरं लिहिलंय." मी नको म्हणत होतो, वकील समजावत होते, वच्छला चुलीजवळ होती. तिनं मला खिशातला पेन काढताना बघितलं. बस. उठली, मैनाला म्हणाली, "चाल व, मामाकडे." दुसऱ्या दिवशी सकाळी सागवान उतरवून रिकामा चाललेला तुमचा ट्रक चौकात उभा होता, त्यात दोघी बसल्या. जाताना एवढंच म्हणाली, "एकदा मले आंधळी केलं. आता पोरीले काय करता ते लिहून ठेवा." मी सही केली नाही, भाऊ. हे तिला सांगा. ही माझी बाजू आहे आणि ती इथं संपते.

वाडी आता मी एकटाच सांभाळतो आहे. टरबुजं बरी आहेत. ज्यांना खायची ती इथं नाहीत, बाकी बरी आहेत. फणसाएवढं मोठं पत्र वाचायला लावलं म्हणून राग मानू नये. कमळावहिनींना दंडवत. मैनाला मायेनं जवळ घ्या. वच्छलाला जे सांगवेल ते सांगा.

तुमचा धाकटा,
केवळराम

ता. क. सही केली नाही असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. शपथेवर नाही, तरी खरंच सांगतो. सही अर्धी केली होती. 'केवळ' एवढं लिहून झालं होतं, तेवढ्यात ती उठली, आणि माझा हात थांबला. गुणवंतराव तो कागद घेऊन गेले. त्यावर आता नुसतं 'केवळ' आहे. ते म्हणतात, एवढ्यावर चालत नाही. चालू नये अशीच माझी इच्छा आहे.

ता. क. दुसरा. ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहिलंच. पुढच्या आठवडी बाजाराला तुम्ही स्वतः वच्छलाला घेऊन चामोर्शीला जावं. तुम्ही सरकारी माणूस, तुमचं वजन पडेल. वारलूजींच्या अंगणात बसावं आणि तिनं त्यांच्यासमोर सुईत दोरा ओवून दाखवावा. ती म्हणेल, मी काय बाजारातली गाय हाय? तेव्हा रागावू नका. तिला म्हणा, केवळरामनं हात जोडले आहेत. दवाखान्याचा दाखला पत्रासोबत घडी करून पाठवत आहे. फाटला आहे, पण नजर उत्तम हे शब्द शाबूत आहेत.

ता. क. तिसरा, आणि हा वच्छलाला वाचून दाखवू नये. चांद्याच्या त्या दवाखान्यात ती बाहेर मोटारीची चौकशी करायला गेली तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, बाईंचे डोळे ठीक आहेत, तुमचे बघू. दोन्हीत मोतीबिंदू आहे. तेव्हा उजव्यानं बरंच दिसत होतं, आता डाव्याइतकंच अंधुक. मी कोणाला सांगितलं नाही. आधी दाव्यामुळे, मग लग्नामुळे. वारलूजींनी विचारलं की घरात कोणाची नजर अधू आहे का, तर खोटं बोलू नका; बापाची आहे म्हणा, म्हातारपणाची आहे म्हणा. फक्त सुई ओवून झाल्यावर म्हणा. हे पत्र चार दिवस लिहितो आहे, दुपारच्या उन्हात, वाडीच्या बांधावर बसून. तिनं परत यावं ते दिव्यासाठी नाही, एवढं तुम्ही तिला तुमच्या शब्दांत सांगा.

उत्तर लिहाल तेव्हा अक्षर जरा मोठं काढा.